लावणीची तारीख

माण तालुक्यात वाढलेल्या माणसाला बंगालमध्ये दुष्काळ चटकन दिसत नाही. आमच्या डोळ्यांना खुणा ठरलेल्या: विहिरीचा उघडा पडलेला तळ, टँकरची वाट बघत ओळीनं मांडलेल्या घागरी, कडब्याचा चढलेला भाव. २०१२-१३ साली मी हायस्कुलात होते. आमची जनावरं छावणीत होती आणि त्यांच्यासोबत आईही तिथंच पालात राहत होती. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडणारा आमचा मुलूख. त्यातला थोडा हुकला तरी अख्खं वर्ष कोलमडतं. कोलकात्याच्या आसपास दीड हजारांहून जास्त पडतो. राहुरीहून कृषीची पदवी घेतल्यावर मी पीक विम्यासाठी नुकसानीची पाहणी करणाऱ्या एका कंपनीत लागले आणि २०२२ च्या खरिपाला माझी नेमणूक बंगालमध्ये झाली, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "तिथं तुला पुराचंच बघायचं असंल."

राहायला जागा सियालदहजवळ घेतली, सूर्य सेन स्ट्रीटच्या आतल्या गल्लीतल्या एका मुलींच्या मेसमध्ये. काम नदिया जिल्ह्यात होतं आणि तिकडच्या गाड्या सियालदहहून सुटतात. या स्टेशनातून तीन वाटा फुटतात. एक दक्षिणेला कॅनिंग, डायमंड हार्बर, नामखान्याकडे जाते, एक बारासातवरून बनगावला, आणि मेन लाइन बराकपूर, नैहाटी, कल्याणी, राणाघाट करत कृष्णनगरला आणि तिथून पुढे लालगोल्यापर्यंत. शहराच्या जेवणातला मोठा वाटा याच रुळांवरून येतो. पहाटे व्हेंडर डब्यांतून परवर, दोडका, अळूचे कंद, भोपळा, केळफूल उतरतं आणि हमालांच्या डोक्यावरून स्टेशनाबाहेरच्या कोले मार्केटात जातं. मी उलट दिशेनं जायचे, त्यामुळे लेडीज डब्यात सकाळी बसायला जागा मिळायची. समोरून येणाऱ्या गाड्यांना मात्र दारात लोंबकळलेली माणसं असायची.

गाडीला वेळ असला की मी मार्केटातून एक चक्कर टाकायचे. एका वयस्कर आडतदारांनी मला माल वाचायला शिकवलं. परवर नुसतं किती आलं हे बघायचं नाही, कुठून आलं ते विचारायचं. पाऊस लांबला की आधी उंचवट्यावरच्या गावांचा माल आटतो, मग नदीकाठच्या चरांवरचा, म्हणजे गाळाच्या बेटांवरचा, तेवढा येत राहतो, आणि ज्यांच्याकडे पंप आहे त्यांचा. पाऊस जाहीर तुटीत जायच्या आधी हे फळांच्या आकारात दिसायला लागतं. "कागज परे आसबे, दीदी," असं ते म्हणायचे. कागद मागून येईल.

त्या वर्षी कागद खरंच मागून आला. जूनमध्ये आसामात सिलचर पाण्याखाली होतं, मेघालयात विक्रमी पाऊस झाला होता, उत्तर बंगालही भिजत होता. हंगाम संपला तेव्हा देशाचा पाऊस सरासरीपेक्षा सहा टक्के जास्त भरला. आणि गंगेच्या मुखाकडचा हा पट्टा, त्याला लागून झारखंड, बिहार, पूर्व उत्तर प्रदेश, जून-जुलैत कोरडा राहिला. सियालदहच्या फलाटावर छत्र्या दिसत होत्या, त्या उन्हासाठी.

कृष्णनगरच्या पुढच्या एका ब्लॉकमध्ये पहिल्यांदा शिवार बघितलं तेव्हा मला तर सगळं हिरवंगार वाटलं. ताग माणसाच्या दुप्पट उंच झालेला. माझ्यासोबत तिथले कृषी प्रयुक्ती सहायक होते. आपल्याकडे कृषी सहायक असायचा तसं हे पद, सगळे त्यांना के.पी.एस. म्हणतात. त्यांनी मला शेतात नेलंच नाही. ते थेट घरामागच्या डोब्याकडे घेऊन गेले. डोबा म्हणजे गावातलं छोटं डबकं. तळाला गाळ, वर भेगा. ते म्हणाले, "पीक बघू नका, हे बघा."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्याही पुस्तकात इतक्या सरळ मिळालं नव्हतं. ताग साधारण एप्रिलमध्ये पेरतात आणि चार महिन्यांच्या आत, जुलै-ऑगस्टात कापतात. कापलेल्या काड्यांच्या पेंढ्या बांधून पाण्यात बुडवाव्या लागतात. वर वजन ठेवतात. पंधरा-वीस दिवस कुजल्यावर साल सुटते आणि धागा निघतो. डोब्यात पाणी नाही म्हणजे ताग कुजवायला जागा नाही. कुजवायला जागा नाही म्हणून ताग कापता येत नाही, कारण कापून वाळलेल्या काडीचा धागा नीट सुटत नाही. ताग उभा राहिला म्हणून शेत मोकळं होत नाही. आणि त्याच शेतात लावायचं आमन, म्हणजे पावसाळी भाताचं रोप तिकडे तरव्यात, रोपांच्या वाफ्यात, म्हातारं होत जातं. पाऊस हुकल्याचा पहिला घाव तागावर दिसतो, पण मोडतो तो त्याच्या पाठीमागे वाट बघत असलेला भात. आणि भात लांबला की त्याच्यामागची मोहरी लांबते.

माझ्या माहितीतला दुष्काळ जमिनीतून पाणी संपल्यावर सुरू व्हायचा. हा दुष्काळ तारखेतून सुरू होत होता. आमनचं रोप पंचवीस-तीस दिवसांचं असताना चिखलात गेलं तर त्याला भरपूर फुटवे येतात. तेच पन्नास दिवसांचं करून लावलं तर तरव्यातच त्याला गाठी धरतात, फुटवे मोजके येतात आणि लोंब्या कमी भरतात. नंतर कितीही पाऊस पडो, गेलेले फुटवे परत येत नाहीत. स्वर्णा हे इथलं लाडकं वाण, आंध्रातल्या मारुतेरूहून आलेलं, एकशे चाळीस दिवसांच्या पुढचं. ते ऑगस्टच्या शेवटी लावणं म्हणजे फुलोरा थंडीच्या तोंडावर नेणं. ऑगस्टमध्ये उपसागरात एकामागून एक कमी दाबाचे पट्टे आले, पाऊस परतला. वर्तमानपत्रांनी सुटकेच्या बातम्या दिल्या. मी नदियात होते आणि मला ठाऊक होतं की बऱ्याच शेतांच्या बाबतीत निकाल आधीच लागलेला आहे.

शेतकरी हातावर हात ठेवून बसले होते असं मुळीच नाही. ज्यांना परवडलं त्यांनी पंपवाल्याकडून तासाच्या भावानं पाणी विकत घेऊन डोबा भरला. या पट्ट्यात जमिनीखाली पाणी उथळ आहे, पंप गावोगाव आहेत, पण त्यावर डिझेलचा खर्च, आणि नदिया, उत्तर चोवीस परगण्यांत त्या पाण्यात आर्सेनिक. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनचे डॉ. के. सी. साहा यांच्याकडे अंगावर डाग असलेले रुग्ण यायला लागले तेव्हा ही गोष्ट उघडकीला आली. म्हणजे एका आपत्तीतून सुटण्यासाठी हात घालायचा तो दुसरीत.

मेन लाइनवरच, बराकपूरला, तागाची केंद्रीय संशोधन संस्था आहे, क्रायजाफ. तिथल्या शास्त्रज्ञांनी कुजवण्यासाठी जिवाणूंची एक पूड तयार केली आहे, 'क्रायजाफ सोना' नावाची. तिच्यानं आठवडाभर वाचतो आणि कमी पाण्यात काम भागतं. मी ती वापरणारे शेतकरी बघितले, त्यांचा ताग लवकर निघाला होता. त्याहून मोलाचं मला एका वयस्कर शेतकरीणबाईंनी दाखवलं. त्यांनी तरवा दोन हप्त्यांत टाकला होता. पहिला नेहमीच्या वेळी, दुसरा पंधरा-वीस दिवसांनी, घराजवळच्या उंच तुकड्यावर, जिथं हातपंपाचं पाणी बादलीनं घालता येईल. बियाणं जास्त गेलं. मी विचारलं, पाऊस वेळेवर आला असता तर दुसरा तरवा वाया नसता गेला? त्या म्हणाल्या, "जातोच की. दर वर्षी जातो. नाहीतर शेजारणीला विकते." दरवर्षी वाया जाण्याची तयारी ठेवून त्या तो टाकत होत्या. ऑगस्टमध्ये त्यांच्या शेतात कोवळं रोप गेलं आणि बांधापलीकडच्या शेतात जून रोप. दोघांवर पाऊस एकच पडला.

सरकारी बाजूलाही तयारीचा कागद आहे, आणि तो चांगला आहे. हैदराबादच्या क्रीडा या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनं राज्यांच्या कृषी विद्यापीठांना सोबत घेऊन देशातल्या सहाशेहून जास्त जिल्ह्यांचे आपत्कालीन पीक आराखडे केलेले आहेत. नदियाच्या विद्यापीठाचा, कल्याणीजवळच्या मोहनपूरच्या बिधानचंद्र कृषी विश्वविद्यालयाचा, परिसर मी गाडीतून उतरून बघितला आहे. तिथल्या लोकांशी बोलले आहे. आराखड्यात रकाने असतात: पाऊस दोन आठवडे लांबला तर काय, चार आठवडे, सहा, आठ. चार आठवड्यांच्या पुढे लिहिलेलं असतं की कमी दिवसांचं भात घ्या, थेट पेरा, उंच जमिनीवर उडीद किंवा तीळ घ्या. सहभागी धान हे कमी पाण्यावर तगणारं वाण २०१० साली आलं, शंभर-एकशे दहा दिवसांत निघतं. सगळं बरोबर. पण चौथ्या आठवड्यात त्या वाणाचं बी कुठल्या गोदामात आहे? ते बी आदल्या वर्षी, पाऊसपाणी ठीक असताना, कुणीतरी पिकवून, वाळवून, पोत्यात भरून ठेवलेलं असावं लागतं. आणि पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला तर ते विकलं जाणार नाही, हा तोटा कुणाच्या तरी नावावर आधीच मांडलेला असावा लागतो. त्या बाईंनी तो आपल्या नावावर मांडला होता. तालुक्याच्या पातळीवर तो कुणाच्या नावावर आहे, हे मला फार थोड्या ठिकाणी दिसलं.

नोव्हेंबर लागला आणि माझं खरं काम सुरू झालं: पीक कापणी प्रयोगांवर देखरेख. विम्याचा सगळा डोलारा या प्रयोगावर उभा आहे आणि तो बघितलेली माणसं मोजकी असतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. गावाच्या नकाशावरून यादृच्छिक आकड्यांनी शेताचा नंबर निघतो, बंगालमध्ये त्याला दाग नंबर म्हणतात. शेताच्या एका कोपऱ्यापासून, पुन्हा आकड्यांनीच, लांबीत इतकी आणि रुंदीत इतकी पावलं. तिथं खुंटी. देशात बहुतेक ठिकाणी भातासाठी पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद चौकोन आखतात. दोरी ताणतात, कर्ण मोजून काटकोन तपासतात. आतलं पीक कापायचं, झोडायचं, तोलायचं, नमुना वाळवून पुन्हा तोलायचं. फोटो, जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलमध्ये. आजूबाजूला शेतकरी उभे असतात, विमा कंपनीचा माणूस असतो, आणि दोरीखाली आलेलं चूड, म्हणजे भाताच्या रोपांचा झुबका, आत धरायचं की बाहेर यावर सगळ्यांचे डोळे खिळलेले असतात. शेतकऱ्याला वाटतं बाहेर जावं, कंपनीला वाटतं आत यावं. मुळं आत असतील तर आत, बाहेर असतील तर बाहेर, हा नियम. वाकून, माती बाजूला करून बघायचं.

दोरीवरच्या या चुडाचा वाद ऐंशी वर्षांचा आहे आणि तो कोलकात्याशी आणि साताऱ्याशी बांधलेला आहे. कायमधारा पद्धतीमुळे बंगालमध्ये शेतसारा जमीनदारांकडून ठरावीक यायचा. गावोगाव तलाठ्यासारखा माणूस नेमायची सरकारला गरजच पडली नाही, त्यामुळे किती जमीन लावली, किती पिकली, याचे आकडे अंदाजानं भरले जायचे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेनं १९३७ पासून बंगालच्या तागाची नमुना पाहणी करून हे चित्र पालटायला सुरुवात केली. शेतात जाऊन लहान लहान वर्तुळं कापायची ही त्यांची पद्धत, कारण लहान वर्तुळं थोड्या खर्चात खूप ठिकाणी कापता येतात. त्याला आव्हान दिलं पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. ते खटाव तालुक्यातल्या बुधचे, माझ्या माणच्या शेजारचे. लंडनहून शिकून आल्यावर काही काळ कोलकात्यातच प्राध्यापक होते, मग दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत गेले. १९४६-४७ साली त्यांनी प्रयोगांनिशी मांडलं की वर्तुळ जितकं लहान, तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानानं कडा मोठी, आणि कडेवरचं पीक आत ओढण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो. त्यामुळे उत्पन्न आहे त्यापेक्षा जास्त भरतं. महालनोबिस यांचं उत्तर होतं की माणसं नीट शिकवली, देखरेख ठेवली तर लहान वर्तुळही खरं बोलतं.

बरानगरला बी. टी. रोडवर महालनोबिस यांची ती संस्था आहे. मी एका रविवारी मुद्दाम जाऊन तिच्या आवारात फिरून आले. दोघांचं म्हणणं मला पटतं, पण शेतात उभी असताना मी सुखात्म्यांच्या बाजूची असते. थंडीत, संध्याकाळ व्हायला आलेली, सगळ्यांना घरी जायची घाई, आणि दोरीवर चूड. मोठा चौकोन माणसाच्या घाईला जरा कमी बळी पडतो.

एवढी उठाठेव कशासाठी? विमा एकेका शेतावर देऊन पाहिला होता. १९७२-७३ मध्ये गुजरातेत कापसापासून सुरुवात झाली, पुढे आणखी काही राज्यांत गेला, महाराष्ट्रात आणि पश्चिम बंगालमध्येही. १९७८-७९ पर्यंत ३,११० शेतकरी त्यात आले. हप्त्याचे जमले ४ लाख ५४ हजार आणि भरपाई द्यावी लागली ३७ लाख ८८ हजार. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली वेगळी वाट मांडली: एका माणसाचं शेत न बघता अख्ख्या परिसराचं सरासरी उत्पन्न बघा, ते ठरलेल्या उंबरठ्याखाली गेलं तर तिथल्या सगळ्या विमाधारकांना सारख्या प्रमाणात द्या. १९७९ चा पथदर्शी प्रयोग, १९८५ ची योजना, १९९९ ची, २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना, सगळ्या याच पायावर आहेत. पश्चिम बंगाल २०१९ च्या खरिपापासून केंद्राच्या योजनेतून बाहेर पडून स्वतःची बांगला शस्य बीमा चालवतो. भातासारख्या पिकाचा हप्ता राज्य भरतं, उत्पन्नाच्या अंदाजात उपग्रहाची मदत घेतली जाते. तत्त्व तेच, परिसराचं.

या तत्त्वाची किंमत गावात उभं राहून सांगावी लागते. एकाचं शेत पार बसलेलं, पण गावाची सरासरी उंबरठ्याच्या वर, म्हणून त्याला काही नाही. पलीकडच्या गावात सरासरी खाली गेली, तिथं बऱ्या शेतवाल्यालाही मिळालं. मी दांडेकरांची पद्धत आजही योग्य मानते. एकेक शेत तपासत बसलं तर योजना तपासणीतच बुडते, ते आकडे वर दिलेच आहेत. पण परिसर जितका लहान तितका अन्याय कमी, आणि परिसर लहान करायचा तर कापण्या वाढवाव्या लागतात, म्हणजे आणखी माणसं, आणखी दोऱ्या, आणखी थंडीच्या संध्याकाळी. तिथं पैसे वाचवले जातात आणि मग लोक म्हणतात विमा खोटा आहे.

एक गोष्ट मला त्या हंगामात कळली आणि तेव्हापासून मी ती भेटेल त्याला सांगत आले आहे. केंद्राच्या योजनेत उंबरठा काढतात तो मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून. म्हणजे दुष्काळी वर्षाची भरपाई किती, हे चांगल्या वर्षांच्या कापण्या ठरवतात. चांगल्या वर्षी कुणाला कापणीची फिकीर नसते. भरपाई निघणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं, शेतकरी बांधावर येत नाहीत, सहायकाच्या मागे इतर कामं असतात, आणि कागदावर अंदाजानं कमी आकडा पडला तरी कुणी हरकत घेत नाही. तो आकडा सात वर्षं त्या गावाच्या उंबरठ्यात बसून राहतो. माणमध्ये मी आता गावसभांत हेच सांगते: पीक बुडाल्यावर मोर्चा काढता तसे पीक आल्यावर कापणीला या, दोरीजवळ उभे राहा. आपल्याकडे आणेवारी नजरेनं लावायची सवय जुनी आहे, पन्नास पैशांच्या वर की खाली यावर तालुक्यांची नशिबं ठरत आली. त्यामुळे वजनकाट्याचं महत्त्व आपल्या लोकांना सांगावं लागत नाही. सांगावं लागतं ते बऱ्या वर्षी यायचं.

तारखेचा प्रश्न मात्र विम्यात अजून सुटलेला नाही. केंद्राच्या नियमात पेरणीच झाली नाही तर तरतूद आहे: परिसरातलं पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त क्षेत्र पडीक राहिलं तर विमा रकमेच्या पंचवीस टक्के मिळतात. पण उशिरा झालेली लावणी ही या हिशेबात झालेली लावणी असते. रोप पंचवीस दिवसांचं गेलं की पंचावन्न, यानं फरक पडत नाही. मी माझ्या वहीत गावागावातल्या लावणीच्या तारखा आणि रोपाचं वय लिहून ठेवलं होतं, आणि डिसेंबरमध्ये तराजू जे सांगत होता ते वहीनं ऑगस्टमध्येच सांगितलेलं होतं. कुठलं गाव खाली जाणार हे चार महिने आधी कळत असेल तर त्या चार महिन्यांत तिथं मोहरीचं, मसुराचं बियाणं पोचवता येतं, उभ्या भातात मसूर विसकटण्याची इथली जुनी पद्धत आहेच. माझ्या अहवालात मी एवढीच मागणी केली की लावणीची तारीख गाववार नोंदवा आणि त्या नोंदीवर काहीतरी घडू द्या.

सियालदहमध्ये राहून १९४३ चा बंगालचा दुष्काळ मनातून जात नाही. चोवीस परगण्यांच्या दक्षिणेकडून उपाशी माणसं रेल्वेनं, पायी, या शहरात आली आणि दारोदार भाताची पेज मागत फिरली. पंचवीस-तीस लाख माणसं गेली असं मानलं जातं. गांधीनगरच्या आयआयटीतल्या विमल मिश्रा आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली जुन्या दुष्काळांतल्या जमिनीच्या ओलाव्याचा हिशेब मांडला. त्यात १९४३ वेगळं निघालं: त्या वर्षी बंगालच्या मातीत ओल होती. आदल्या ऑक्टोबरात मेदिनीपूरचं चक्रीवादळ झालं होतं, भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग पडला होता, ब्रह्मदेशचा तांदूळ युद्धानं थांबला होता, पण इतकी माणसं मेली ती धोरणानं. आणि प्रांतात भात नेमका किती आहे हेही धडपणे कुणाला माहीत नव्हतं, आकडे तसेच अंदाजाचे होते. १९७२ च्या दुष्काळात आमच्याकडे उलट झालं. पाऊस खरंच हुकला होता, पण मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. माझी आजी त्यांतली एक, ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. त्या कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला.

आजीमुळेच असेल, पण नदियाच्या त्या हंगामात मला सर्वांत जास्त खुपलं ते लावणीच्या बायकांचं. आमन लावण्याचं काम बहुतांशी मजूर टोळ्या करतात, त्यांत बायका पुष्कळ. जुलै हा त्यांच्या कमाईचा महिना. २०२२ च्या जुलैत कामच नव्हतं. आणि केंद्र आणि राज्य यांच्या वादात पश्चिम बंगालमधली रोजगार हमीची कामं त्या मार्चपासून निधीविना थांबलेली होती. शेतमालकाला विमा होता, त्यावर कापणी होती, तराजू होता, सुखात्मे आणि दांडेकर होते. लावणीला जाणाऱ्या बाईच्या हुकलेल्या मजुरीसाठी मोजमापच नव्हतं. लेडीज डब्यात संध्याकाळी परतताना त्यांतल्या काही जणी भेटायच्या, शहरात घरकाम मिळतं का ते बघून येणाऱ्या. एकीनं मला विचारलं, "दीदी, तुम्ही शेताचं लिहिता, आमचं कोण लिहितं?"

ते लिहिता येण्यासारखं आहे. सेवा या संघटनेनं असंघटित कामगार बायकांसाठी उष्णतेचा विमा सुरू केला. पारा ठरलेल्या पातळीच्या वर काही दिवस राहिला की पैसे खात्यात जमा होतात, कुणाच्या शेताची पाहणी करावी लागत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्रातल्या बायकांना असे पैसे मिळाले, रक्कम लहान होती. पावसासाठी आणि लावणीसाठी हेच करता येईल. ३१ जुलैला ग्रामपंचायतीतली लावणी नेहमीच्या निम्म्याहून कमी असेल, तर १ ऑगस्टपासून त्या पंचायतीत डोबे खोदण्याचं, गाळ काढण्याचं काम उघडावं. तागाला पुढच्या वर्षी तेच डोबे लागणार आहेत. ही टक्केवारी, कामांची यादी आणि पैसा जूनच्या आधीच मंजूर होऊन पडलेला असावा, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या दिवशी के.पी.एस.ला वर विचारायला जावं लागणार नाही, नुसता लावणीचा आकडा भरावा लागेल. महाराष्ट्रात मी हेच बाजरीच्या पेरणीसाठी १५ जुलै धरून मांडते आहे. दोन ग्रामपंचायतींनी ठरावात घेतलं आहे. पैशाचं अजून ठरायचं आहे.